धुऱ्यावरचा मोह

माझे माहेर रोहणा. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव आहे. मी ज्या शहरात शिकविते तिथे कुणी माहेर विचारले की मी आधी 'वर्ध्याकडचे' म्हणते. समोरचा लगेच 'म्हणजे सेवाग्रामचे!' म्हणून मोकळा होतो, आणि मग त्याला निम्मा जिल्हा ओलांडून रोहण्यापर्यंत आणायचे काम माझ्याकडे येते.

आमच्या लहानपणी तिथे जायला आगगाडी होती. पुलगाव ते आर्वी अशी पस्तीसेक किलोमीटरांची, अरुंद रुळांची ती गाडी १९१७ साली सुरू झाली, ती कापसासाठी. आम्हां मुलांना मात्र ती केवळ मामाच्या गावाला जाणाऱ्यांसाठी आहे, असे वाटे. तिची चाल अशी, की खिडकीतून दिसलेल्या बोरीवरची बोरे पिकली आहेत की कच्ची, हे सावकाश ठरविता यावे. ती गाडी केव्हाच बंद पडली. आता एस. टी. पुलगावहून सुटते, आणि बोरी दिसतात न दिसतात तोच रोहणा येते. बोरीही पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत, हा त्यातला दुसरा भाग.

आमच्याकडे शेताच्या बांधाला 'धुरा' म्हणतात. आमच्या शेतात पऱ्हाटी असे, तूर असे, ज्वारी असे. पण आम्हां मुलांचे राज्य धुऱ्यावर. आमच्या धुऱ्यावर अकरा सागवाने, दोन मोह आणि एक थोराड निंब होता. सागवाने वडिलांनी लावलेली. मोह आणि निंब कुणी लावले ते आजीलाही ठाऊक नव्हते. चैत्रात मोहाची फुले पडू लागली की पहाटे शेजारच्या वस्तीतल्या दोघी-तिघी बाया टोपल्या घेऊन येत आणि फुले वेचून नेत. त्यांनी कधी विचारले नाही, आजीने कधी हटकले नाही. एकदा मी शहाणपणाने म्हणाले, "आजी, फुलं तर आपली आहेत." आजी म्हणाली, "माय, झाड आपल्या धुऱ्यावर हाय. फुलं तर खाली पडते." या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आणि एम. ए. झाल्यावरही पुष्कळ दिवस कळला नाही.

धुऱ्यांच्या पलीकडे गावाचे आखर होते. सकाळी गायकी साऱ्या गावची गुरे तिथे गोळा करी आणि पलीकडच्या रानात नेई. आमचा भाग हा गवळाऊ जातीच्या गुरांचा. पांढरी, चालायला चपळ अशी ही जनावरे आर्वी, कारंजा, आष्टी या पट्ट्यातली. ती काही दावणीला बांधून वाढत नाहीत. त्यांना रान लागते. रान आटले तशी गुरे आटली. पुढे सोयाबीन आले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, म्हणून धुरे बारीक झाले, आणि बारीक धुऱ्यावर झाड ठेवायचे कशाला, म्हणून झाडे गेली. हे सारे माझ्या डोळ्यांदेखत झाले. पण मी दरवर्षी आठ दिवसांची पाहुणी. पाहुण्याच्या डोळ्यांना पाहिलेले दिसतेच असे नाही.

गेल्या फाल्गुनात दादाचा फोन आला. "बाई, एक डाव येऊन जा. सही पाहिजे." वडील गेल्यापासून सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावे आहेत. पुतणीला नागपूरला शिकायला ठेवायची होती. त्या वर्षी तुरीने दगा दिला होता आणि कापसाच्या पैशांत मागचेच देणे फिटले होते. दादाने धुरा विकायला काढला होता. धुरा म्हणजे धुऱ्यावरची चौदा झाडे. सागवान काय, मोह काय, स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला सरकारची परवानगी लागते, आणि त्या अर्जावर दोघांची सही हवी.

मी गेले. वहिनीने चहा केला, दादाने कागद पुढे केला. मी पेन हातात घेतले आणि खाली ठेवले. "मला थोडे दिवस दे," मी म्हणाले.

दादा रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, "तुले वर्षातून आठ दिवस सावली पाहिजे, बाई. मले पोरीची फी भरायची हाय." यावर मराठीच्या प्राध्यापिकेकडे शब्द नव्हते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या महाविद्यालयातल्या समाजशास्त्राच्या बाई विद्यार्थ्यांना घेऊन गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा या गावी निघाल्या. बरोबर आणखी एक स्त्री हवी, म्हणून त्यांनी मला गळ घातली. खरे सांगायचे तर सही टाळायला निमित्त मिळाले, म्हणूनच मी होकार दिला.

नागपूर सोडले, उमरेड गेले, नागभीड गेले. वर्ध्याकडचा काळा सपाट मुलूख मागे पडून भाताची खाचरे आणि तलाव सुरू झाले. ब्रह्मपुरीच्या पुढे वैनगंगा ओलांडली, आरमोरी गेले, आणि गडचिरोलीच्या तोंडाशी कठाणी नदी भेटली. इथून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले की रान दोन्ही बाजूंनी जवळ येते. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि बांबूची बेटे. एप्रिलचे दिवस, सागाला पान नाही, पण मोहाखाली पिवळसर फुलांचा सडा. खिडकी उघडताच तो गोडसर, जड वास आत आला आणि मला एकदम आमचा धुरा आठवला.

मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव. चारपाचशे वस्ती. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला 'मेंढा-लेखा' म्हणतात. पाहायला जावे असे तिथे देऊळ नाही, किल्ला नाही, धबधबा नाही. शेणाने सारवलेली अंगणे, कुडाच्या भिंती, दारापुढे वाळत घातलेली मोहफुले. आणि तरीही देशभरची माणसे हे गाव पाहायला येतात. मिलिंद बोकील यांनी या गावावर 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तकच लिहिले आहे. या गावाकडे असे काय आहे? त्याच्याकडे एक जंगल आहे, आणि ते जंगल सांभाळण्याची एक रीत आहे.

ही रीत कशी घडली ते थोडक्यात सांगते. १९८०च्या आसपास इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या दोन मोठ्या धरणांची योजना पुढे आली. त्यांच्या पाण्याखाली या भागातले अफाट जंगल आणि कितीतरी गावे जाणार होती. त्याविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' असे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते, या भागातले लालश्याम शाह महाराज होते. धरणे थांबली. पण आंदोलन संपले तरी ज्या गावांतली माणसे एकत्र बसायला शिकली होती, त्यांतली काही बसतच राहिली. मेंढा त्यांतले एक. गावातले देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून गावाचे अभ्यास गट सुरू झाले. दारूबंदी करायची तर पोलिसांना बोलवायचे की आपणच ठरवायचे? जंगल सरकारचे, तर मग आपण त्याचे कोण? असे एकेक प्रश्न घेऊन माणसे बोलत राहिली. त्यातूनच ती घोषणा आली: 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.'

या घोषणेत बंडाचा आवेश आहे असे लांबून वाटते. जवळून पाहिले तर तिच्यात कष्टाची बाजू अधिक आहे. कारण तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात. एकाचे मन राजी नसेल तर विषय पुढच्या बैठकीला. दारूचा प्रश्नही असा पुष्कळ काळ चालला. आमच्या महाविद्यालयातल्या बैठका मला आठवल्या, जिथे अर्ध्या तासात नऊ ठराव 'एकमताने' मंजूर होतात, आणि मी मनाशीच हसले.

गावाने जंगलासाठी जे नियम केले ते ऐकायला साधे आहेत. घरच्या गरजेपुरते घ्यावे. बाहेरच्या कुणालाही ग्रामसभेच्या संमतीशिवाय जंगलातले काही नेऊ देऊ नये. जंगलात अतिक्रमण करू नये. राखण आळीपाळीने करावी. मध काढताना मोहोळ जाळू नये. माश्या ठेवून मध घ्यावा. (या शेवटच्या बाबतीत आमच्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही विदर्भात पुष्कळ काम केले आहे, हे मी जिल्ह्याच्या अभिमानाने इथे घुसवून देते.)

पण साध्या नियमांची किंमत साधी नसते. गावाने आपले गोटूल, म्हणजे तरुणांचे जुने सांस्कृतिक घर, पुन्हा बांधले. त्याला लागलेले सागवान बिनपरवान्याचे, म्हणून वनखात्याने ते उचलून नेले. तेव्हा आसपासच्या बारा गावांनी आपापल्या हद्दीत गोटुले उभारली. कुणी दगड उचलला नाही. घरे उचलून धरली, एवढेच.

बांबूची गोष्ट तर मराठीच्या शिक्षकाने मुद्दाम सांगावी अशी आहे. बांबू हे गवत आहे, हे शाळेतले मूलही सांगेल. पण १९२७च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांत गणले. झाड म्हटले की लाकूड, आणि लाकूड म्हटले की सरकारचे. पुढे २००६ साली वनहक्क कायदा आला. त्याने गावाला आपले सामूहिक वन राखण्याचा, वाढविण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा हक्क दिला, आणि बांबूला गौण वनोपजांत बसविले, म्हणजे मोह-मधाच्या पंक्तीला. २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर हा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क पहिल्याने मिळालेल्या गावांत मेंढा आहे. पण कागदावर बांबू गावाचा झाला, तरी गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागे, आणि तो देणे वनखात्याच्या हाती. म्हणजे बांबू तुमचा, पण तो तुमच्याच अंगणात वाळवा! शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले, आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. एका शब्दाची जागा चुकली म्हणून किती पिढ्या अडल्या! मी वर्गात शब्दांच्या जाती शिकविते. आता शिकविताना बांबू आठवतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रानात गेलो. मोहाखाली एक म्हातारी फुले वेचीत होती. मी पदर खोचून तिच्याबरोबर बसले. आजीच्या धुऱ्यावर नुसतेच पाहिलेले काम हातांनी केले, आणि अर्ध्या तासात कंबर धरली. म्हातारीला मराठी चांगले येत होते. तिने माझे गाव विचारले, मुलेबाळे विचारली, आणि मग सहज विचारले,

"तुमच्या गावाचं जंगल केवढं आहे?"

आमच्या गावाला जंगल नाही, मी म्हणाले.

"मग सरपण?"

आता गॅस आहे.

"मग गुरं कुठं चरतात?"

गुरे आता थोडीच राहिली आहेत, मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. टोपलीतली काडीकचरा निवडत राहिली. तिच्या चेहऱ्यावर टीका नव्हती. कुणी घरच्या माणसाच्या जाण्याची बातमी सांगितली तर आपण जसे गप्प होतो, तशी ती गप्प झाली.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एक शब्द घोळत होता: निस्तार. मेंढ्यात बोलण्यात तो वरचेवर आला. आपण 'निस्तरणे' म्हणतो ते घोळ निस्तरायच्या वेळी. पण जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे चांदा काय, भंडारा काय, आमचा वर्धा काय, 'निस्तार' म्हणजे गावकऱ्यांनी रानातून रोजच्या गरजेचे घेण्याचा हक्क: सरपण, चराई, घराला लाकूड, नांगराला फाळाची बूड. गावाच्या कागदांत हा हक्क लिहून ठेवीत. तेव्हा रान मालगुजाराचे, आणि निस्तार गावाचा. १९५१ साली मालगुजारी गेली आणि रान सरकारकडे आले. त्याआधी कित्येक मालगुजारांनी हाती लागेल तेवढे लाकूड विकून घेतले. पुढे आमचा भाग १९५६ साली मध्य प्रदेशातून निघाला, १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, कागद बदलले, आणि आमच्याकडे तो शब्द बोलण्यातून गळून गेला. शब्द गेला की त्याच्या मागोमाग हक्क जातो, की हक्क गेला म्हणून शब्द जातो? हे मला अजून ठरविता आलेले नाही. आजीने मात्र तो शब्द न उच्चारता पाळला होता. झाड धुऱ्यावर, फुले खाली.

वाटेत पवनारला धाम नदीच्या काठी थोडा वेळ थांबलो. विनोबांनी इथूनच भूदान आणि ग्रामदानाचा विचार देशभर नेला. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीला पहिले भूदान झाले. महाराष्ट्राने १९६४ साली ग्रामदानाचा कायदा केला. ती चळवळ इतिहासजमा झाली असे आम्ही धरून चाललो होतो, आणि २०१३ साली मेंढ्याने आपली शेतीसुद्धा ग्रामदानात द्यायचे ठरविले! जमीन कसणाऱ्याकडेच राहते, पण गावाला न विचारता ती बाहेरच्याला विकता येत नाही. बी आमच्या जिल्ह्यातले, ते उगवले गडचिरोलीत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावानेही २०१२ साली सामूहिक हक्क मिळाल्यावर एक धाडसी निर्णय घेतला. तेंदूपानाचा हंगाम हा तिथल्या हातातल्या रोकडीचा हंगाम. पण पानांसाठी झाडे छाटतात, रानाला आगी लावतात, म्हणून गावाने तो पैसा सोडून दिला आणि बांबूवर भर दिला. हे वाचताना सोपे वाटते. चालू हंगामाची रोकड सोडणे म्हणजे काय, हे ज्याला फी भरायची आहे त्याला विचारावे.

मी रोहण्याला गेले आणि दादाला हे सारे सांगितले. माझ्या बोलण्यात जरा भाषणाचा सूर आला असावा. दादाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "त्याइच्यापाशी जंगल हाय, बाई. म्हणून ते राखतेत. आपल्यापाशी काय हाय? चौदा झाडं. त्याची ग्रामसभा भरवू काय?"

प्रश्न रास्त होता. ज्याच्याजवळ काहीच उरलेले नाही त्याने काय करावे? याचे उत्तर मला मेंढ्यात मिळाले नव्हते. ते मिळाले वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात. आणि या खेपेला मी दादाला बरोबर घेऊन गेले.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही निघालो. आर्वीहून कौंडण्यपूरला नदी ओलांडली. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. तिथून रुक्मिणीची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. माहेरी येणाऱ्या आणि माहेराहून जाणाऱ्या प्रत्येक बाईने तिथे थांबावे, म्हणून आम्हीही थांबलो. पुढे अमरावती, परतवाडा, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यात पायविहीर.

हे कोरकूंचे गाव. या गावालगतचे जंगल एके काळी उघडेबोडके झाले होते. नाव जंगलाचे, पण दगड आणि माती. माणसे मजुरीसाठी बाहेर जात. 'खोज' या संस्थेच्या साहाय्याने गावाने त्या जमिनीवर सामूहिक वनहक्क मागितला, आणि २०१२ साली सुमारे १९३ हेक्टरांचा तो हक्क मिळाला. मेंढ्याच्या मानाने हे तळहाताएवढे, आणि तेही बोडके. पण गावाने रोजगार हमीच्या कामांतून त्या उतारावर चर खणले, पाणी अडविले, झाडे लावली, आणि मुख्य म्हणजे राखली. आपल्याच रानात काम, आणि त्याची मजुरी. सीताफळे धरू लागली तशी ती गावाने एकत्रपणे मुंबईपर्यंत विकली. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला.

हे सारे मी दादाला वाटेतच सांगून टाकले होते. पण शेतकऱ्याचा विश्वास कानांवर नसतो. तो उतारावर चढला. चराच्या कडेला बसून त्याने मातीचे ढेकूळ फोडले, हुंगले. चरात साचलेला पालापाचोळा उचलून पाहिला. एका रोपाभोवतीच्या गवताची उंची वितीने मोजली. मग तिथल्या एका माणसाला त्याने विचारले, "गुरं कशी आवरता?" मेंढ्याच्या ग्रामसभेबद्दल मी जे दोन तास सांगितले होते, त्यातले त्याने काही विचारले नाही, गुरे कशी आवरता, एवढेच विचारले. त्यावर दोघांचे जे बोलणे सुरू झाले त्यात मला शिरकाव नव्हता. मी सीताफळे खात बसले.

परत येताना संध्याकाळी कौंडण्यपूरच्या पुलाजवळ चहाला थांबलो. नदीवर अंधार उतरत होता. दादा म्हणाला, "आपल्या आखरापलीकडच्या पडीक रानाले जुना तलाठी झुडपी म्हणे. बाबाच्या तोंडून आयकलं होतं."

मी दचकलेच. 'झुडपी जंगल' हा शब्द मी अलीकडेच वाचला होता. आमच्या वर्ध्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतल्या महसुली कागदांत हजारो हेक्टर जमीन या नावाने नोंदलेली आहे. ती शेती नाही, धड जंगल नाही. काटेरी झुडपांची, गुरांच्या चराईची, गावाच्या निस्ताराची जमीन. ती वन मानायची की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ही जमीन वन म्हणूनच धरावी. आणि गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे दूर करून त्या गावाला परत कराव्यात, असे त्याच न्यायालयाने २०११ साली एका दुसऱ्या प्रकरणात सांगितले होते.

म्हणजे 'आमच्या गावाला जंगल नाही' असे मी त्या म्हातारीला सांगितले, ते कागद न पाहताच सांगितले होते! ज्याला आम्ही पडीक म्हणत होतो, ज्याच्या कडेने आम्ही लहानपणी बोरे वेचली, त्याला कुणीतरी कधीतरी जंगल म्हणून लिहून ठेवलेले असू शकेल. आम्हीच ते वाचायला गेलो नव्हतो.

मला वाटले, आता दादा कागद फाडून टाकील. पण गोष्टींत होते तसे घरांत होत नाही. पुतणीच्या फीचा प्रश्न होताच. पाडव्याच्या दिवशी आम्ही दोघे धुऱ्यावर गेलो. दादाने एकेका सागाला हात लावून पाहिला. पाच जून, सरळ खोडे त्याने निवडली; सहा ठेवली. निंबाला त्याने हात लावला नाही. मोहांपाशी आला तेव्हा म्हणाला, "याचे दोघाचे नाव अर्जातून काढ. अजून त्या बाया येते." त्या बाया अजून येतात हे मला ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते, आणि तरीही त्याने आधीच्या अर्जात मोह लिहिले होते. ते लिहिताना त्याला काय वाटले असेल, हे मी फाल्गुनात विचारलेच नव्हते. सावलीवरून मी त्याला मनातल्या मनात बोल लावले होते, ते मागे घेतले. फीच्या निम्म्या रकमेचा भार मी उचलला. तो मला आधीच उचलता आला असता.

मी नव्या अर्जावर सही केली. पाच सागवाने. सही करताना हात थरथरला नाही असे नाही. पण ती सही डोळे उघडे ठेवून केलेली होती.

दादाने आणखी एक अर्ज लिहिला, आणि तो मात्र माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतला. गावाच्या हद्दीतली झुडपी जंगल, गुरचरण आणि निस्ताराची जमीन किती व कोठे आहे, त्याचा उतारा मिळावा. खाली त्याची एकट्याची सही नव्हती. गावातल्या चारपाच जणांच्या होत्या, आणि त्यांत एक अंगठा होता. तो मोहफुले वेचायला येणाऱ्या बायांपैकी एकीचा.

या अर्जाचे पुढे काय होईल ते मी सांगत नाही. उतारा येईल, मग मोजणी, मग भांडणे, मग बैठका. आणि सर्वांचे एकमत व्हायला मेंढ्याला जेवढी वर्षे लागली त्याहून आम्हांला अधिक लागतील, कारण आम्ही भांडायला अधिक शिकलेले आहोत. पण पुढच्या चैत्रात मेंढ्याला जायचे माझ्या मनात आहे. ती म्हातारी मोहाखाली भेटली आणि तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर निदान 'नाही' असे उत्तर मी देणार नाही. 'मोजतो आहोत,' असे सांगेन.